बंडूजींचा पंपशू आणि घाटाचा गाळ

पिंपळघाटात कोणाचं काही अडलं, की लोक आधी मारुतीला नारळ बोलत आणि मग चंद्रभानजींकडे अर्ज लिहून घ्यायला येत. मारुतीचं खात्रीनं सांगता येत नसे, पण चंद्रभानजींचा अर्ज सहसा वाया जात नसे. गावातल्या कापसाच्या जिनात ते हेडबाबू. दिवसभर जिनाची पत्रं लिहायची आणि संध्याकाळी गावाचे अर्ज, असा त्यांचा परिपाठ. अर्ज फुकट लिहीत. अट एवढीच, की लिहून झाल्यावर ते तो मोठ्यानं वाचणार आणि समोरच्यानं शेवटपर्यंत बसून ऐकायचं. यापेक्षा पैसे घेतले असते तर परवडलं असतं, असं काही लोक मागून म्हणत.

"अर्जात फट ठेवू नये," हे त्यांचं ब्रीद. "फट ठेवली का तिच्यातून साहेब निसटते." त्यामुळे एकदा कोणाची बकरी हरवली, तेव्हा त्या अर्जात बकरीचा रंग, शिंगांचा बाक, डाव्या कानाची चीर हे सगळं तर होतंच, वर "सदर बकरी मधल्या काळात व्याल्यास तिच्या पिलांसह" असंही होतं. बकरी सापडली. सोबत दोन पिलंही आली आणि त्यातलं एक तिचं नव्हतं. तेव्हापासून चंद्रभानजींचा स्वतःच्या लेखणीवरचा विश्वास फार वाढला.

अशा माणसावर स्वतःसाठी अर्ज करायची पाळी आली ती एका पंपशूमुळे.

साल छप्पन्न, महिना कार्तिक. चंद्रभानजींची मुलगी कांता लग्नाची झाली होती आणि नदीच्या पल्याडच्या गावातून तिला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलाचे वडील बंडूजी म्हणजे बारा एकर ओलिताचे धनी आणि त्याहून दुप्पट रुबाबाचे. कार्यक्रमासाठी त्यांनी आर्वीहून नवे काळे पंपशू आणले होते. मुलाला काय घालायचं हे त्यांनी मुलाच्या आईवर सोपवलं होतं.

आता पिंपळघाटचा घाट. दर पावसाळ्यात वर्धा नदी फुगायची आणि ओसरताना पायऱ्यांपुढे वीस-पंचवीस हात रुंद गाळ टाकून जायची. नावाडी जंगलूचा डोंगा त्या गाळाच्या कडेला येऊन थांबे. तिथून पायरीपर्यंत जंगलू उतारूंना पाठीवर घेऊन पोचवी. ही पद्धत त्याच्या आज्यापासूनची. म्हाताऱ्या, नव्या नवऱ्या, एकदा तर हार्मोनियम पोटाशी धरलेले भजनीबुवा, असे सगळे त्या पाठीवरून कोरड्या पायांनी गावात आले होते. पण बंडूजींनी पाठ नाकारली.

"मी काय लहान लेकरू हाओ का?" असं म्हणून ते ऐटीत उतरले. पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं. दुसरं त्याहून खाली गेलं. तिसऱ्याला डावा पाय वर आला तो अनवाणी. जंगलूनं कोपरापर्यंत हात घालून पुष्कळ शोधलं, पण गाळानं पंपशू काही परत दिला नाही.

बंडूजींनी एका पायात पंपशू आणि एका पायात चिखल अशा थाटात कांताला पाहिलं. पोहे खाल्ले. चहा घेतला. मग उठताना म्हणाले, "पोरगी पसंद हाये. घर बी पसंद हाये. पण वैशाखात माह्या घरची पन्नास माणसं वरातीत येतीन. घाटावर हाच चिखल असन, तं मले माह्या पोरासाठी रस्त्यावरचं घर पाहा लागते."

पुलगावच्या पुलावरून फेरा घालायचा तर बैलबंडीनं दीड दिवस. तो प्रश्नच नव्हता. रात्री कांता आईजवळ रडली, कारण चिखलाच्या गडबडीत तिनंही मुलाला पाहून घेतलं होतं आणि तो तिला आवडला होता. ते रडणं चंद्रभानजींनी भिंतीपलीकडून ऐकलं. त्यांनी दौत उघडली.

अर्ज साडेचार पानांचा झाला. "स्वतंत्र भारतात माणसानं माणसाच्या पाठीवरून नदी ओलांडावी ही लांछनास्पद गोष्ट" हे वाक्य लिहिताना त्यांना स्वतःलाच गहिवरून आलं. आणि मागणीच्या कलमात फट राहू नये म्हणून त्यांनी लिहिलं, "घाटासमोरील समस्त गाळ, त्यावर जे काही असेल त्यासह, काढून न्यावा."

समोरच्या घरातले भैयाजी ओट्यावर बसून हे ऐकत होते. भैयाजी रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. जगातल्या प्रत्येक कामाला हिरवी झेंडी दाखवायची असते आणि ती आपणच दाखवायची असते, अशी त्यांची समजूत.

"सब ठीक, बाबूजी," भैयाजी म्हणाले, "लेकिन माल उतरवाचा कुठं? जागा लिवली नाई तं फाईल सायडिंगले पडते. आपल्या दारापुढचं पटांगण लिवून द्या. दोन दिवसाचा सवाल. मग नगरपालिका घेऊन जाईन. लाइन क्लिअर!"

दारापुढचं पटांगण म्हणजे कांताच्या लग्नाच्या मांडवाची जागा. पण वैशाखाला सहा महिने होते आणि फट ठेवणं चंद्रभानजींना जमणारं नव्हतं. त्यांनी ती जागा लिहून दिली.

त्याच सुमारास जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. गाव जागचं हललं नव्हतं, पण कागदांना एकदम फार लांबचा पत्ता आला होता. अर्ज नगरपालिकेतून वर गेला, वरून नागपूरकडे निघाला, वाटेत कोणाच्या तरी लक्षात आलं की आता तिकडे नाही, मग फिरला. ओव्हरसियर प्रेमदास, सडपातळ आणि कायम घाबरलेला माणूस, दर आठवड्याला येऊन सांगे, "फाईल चालून राह्यली, बाबूजी. कुठं चालून राह्यली ते मात्र समजत नाई." चंद्रभानजी त्याला धीर देत. आपला अर्ज आहे, त्याला वाट सापडेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

आणि संक्रांत झाल्यावर एका सकाळी मंजुरी खरंच आली. त्याचं कारण अर्जाची भाषा नव्हती. मार्चअखेर जवळ येत होती आणि कुठल्याशा खात्यात शिल्लक उरली होती. पण हे चंद्रभानजींना कोणी सांगितलं नाही. ते आठवडाभर जिनात जरा छाती काढूनच चालत होते.

चाळीस मजूर फावडी-घमेली घेऊन गाळात उतरले. गाळानं भरलेल्या बंड्या चंद्रभानजींच्या दारी रित्या होऊ लागल्या. पहिल्या दिवशी ढीग गुडघ्याएवढा झाला. कांताच्या आईनं, अनुसयाबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं. चौथ्या दिवशी तो छातीला लागला. दहाव्या दिवशी समोरचे भैयाजी दिसेनासे झाले, पण त्यांचा सल्ला ढिगावरून पलीकडून येतच राहिला.

अकराव्या दिवशी जंगलू आला. सोबत त्याची बायको सुंदरा. जंगलू कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं दारातच तोंड उघडलं.

"बाबूजी, माही डांगरवाडी खणून राह्यले ते."

गाळाच्या खालच्या अंगाला जंगलूची वाडी होती. नदी ओसरली की तो गाळात खड्डे घेई, त्यात शेणखत घाली आणि डांगरं, म्हणजे कलिंगडं, लावी. चैत्र-वैशाखात डोंग्याला गिऱ्हाईक कमी असे, तेव्हा ती डांगरंच त्याच्या घराला पोसत. चंद्रभानजी वीस वर्षं ती डांगरं खात आले होते. पण ती कशात पिकतात, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांच्या मते डांगर टोपलीत पिकत होतं.

"तुह्या वाडीबद्दल मी काही लिहिलं नाई," ते म्हणाले.

बंड्या मोजायला तिथंच उभ्या असलेल्या प्रेमदासनं घाबरत फाईल पुढे केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "त्यावर जे काही असेल त्यासह."

चंद्रभानजींनी स्वतःचं अक्षर ओळखलं. ते फार सुंदर होतं. जंगलू निघून गेला. जाता जाता सुंदरा मात्र म्हणाली, "पाठीवर बसाची लाज वाटली तुमाले, अन् पोटावर पाय देतानी नाई वाटली." हे वाक्य पुढे बरेच दिवस चंद्रभानजींच्या जेवणात आडवं येत असे.

एकतीस मार्चला दुपारी बारा वाजता काम थांबलं. अगदी घमेलं हवेत असताना थांबलं म्हणतात. त्यानंतरचं काम पुढच्या वर्षीच्या मंजुरीत, आणि ढीग उचलून नेण्याचं तर कुठल्याच मंजुरीत नव्हतं. सगळे घाट पाहायला गेले. गाळ गेला होता, हे खरं. डोंगा आता थेट काठाला लागत होता, हेही खरं. पण मजुरांनी खाली खाली खणत नेलं होतं आणि त्यात घाटाच्या खालच्या सहा पायऱ्या ढासळल्या होत्या. डोंग्यात उभ्या राहिलेल्या माणसासमोर आता दीड पुरुष उंचीची उभी दरड होती.

"अब शिडी लागन," भैयाजी म्हणाले.

पन्नास वऱ्हाडी, त्यात बंडूजी, शिडीवरून! चंद्रभानजी घरी येऊन आडवे झाले.

दुसरीकडे ढिगानं वेगळंच मनावर घेतलं होतं. फाल्गुनात एक अवकाळी सर येऊन गेली होती. ढिगाच्या घराकडच्या अंगाला वाडीचा गाळ पडला होता, खत आणि बियांसकट. तिथून कोंब आले. कोंबांचे वेल झाले. ते ढिगावरून उतरून चंद्रभानजींच्या ओट्यावर आले, तुळशीला वळसा घालून खिडकीच्या गजाला लागले. आणि ज्या सकाळी पहिलं पिवळं फूल दिसलं, त्या सकाळी जंगलू गवताचे भारे आणि चार बांबू घेऊन आला आणि ढिगावर खोपडी बांधू लागला.

"हे काय करून राह्यला?" चंद्रभानजी ओरडले.

"वाडीची राखण," जंगलू शांतपणे म्हणाला. "जिथं वाडी, तिथं खोपडी. वाडी तुमीच आणली जी इथं. मी तं तिच्या मांगं आलो."

सुंदराची चूल पेटली. धूर नेमका हेडबाबूंच्या बैठकीत येऊ लागला. सकाळ-संध्याकाळ जंगलू नदीवरून पाण्याच्या कावडी आणून वेलांना घाली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला येत. जिनातला चपराशीसुद्धा विचारू लागला, "बाबूजी, औंदा डांगरं कशी हायेत तुमची?" चंद्रभानजींची मान खाली गेली ती वर येईना.

त्यांनी ढीग हलवण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की काढलेला गाळ सरकारी आहे, लिलावाशिवाय हलवता येणार नाही. त्यांनी लिलावासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की सदर गाळावर उभं पीक असल्याचं समजतं, आधी पटवाऱ्याचा पंचनामा हवा. पटवारी आला, त्यानं एक डांगर ठोकून पाहिलं आणि विचारलं, "शेत सर्व्हे नंबर?" घराच्या दारातल्या ढिगाला सर्व्हे नंबर नव्हता. नंबर नाही म्हणून शेत नाही, शेत नाही म्हणून पीक नाही, आणि जे पीक नाही त्याचा पंचनामा होत नाही. चंद्रभानजींना आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या कागदात एकही फट सापडेना. हे सगळं आपणच या लोकांना शिकवलं की काय, अशी शंका त्यांना येऊ लागली.

लग्न दोन दिवसांवर आलं. मांडवाला जागा नाही, घाटाला पायरी नाही. चंद्रभानजी कागद पुढे घेऊन बसले होते. अनुसयाबाईंनी येऊन दौतीला झाकण लावलं.

"बस झाले अर्ज," त्या म्हणाल्या. "साऱ्या जगाले लिवलं तुमी. ज्याची वाडी खणली, त्याच्याशी एक शब्द बोलले का?"

चंद्रभानजी उठले. ढीग चढायची त्यांना सवय नव्हती, ते दोनदा घसरले. खोपडीचं दार इतकं बुटकं होतं, की आत जायचं तर कमरेत वाकावं लागे. ते वाकले.

"जंगलू," ते म्हणाले, "मी तुले न इचारता अर्ज केला. चुकलं माहं." एवढ्या छोट्या मजकुराची त्यांना सवय नव्हती. पुढे काहीतरी जोडावं म्हणून ते थांबले, पण शब्द येईनात. डोळ्यांत मात्र पाणी आलं. "पोरीचं लगन मोडते आता."

जंगलूनं त्यांना घोंगडीवर बसवलं. "असं कसं मोडन? कांता या एवढीशी होती तवापासून वाडीतलं पयलं डांगर मी तिले देतो." मग त्यानं डोकं खाजवलं. "उतारच पाह्यजे ना घाटाले? हा ढीग जिथचा तिथं टाका. झाला उतार."

"अन् तुहे वेल?"

"पिकले तेवढे डांगरं तोडतो. वऱ्हाड खाईन. बाकीच्याचं काय, नदी देते अन् नदीच नेते. अवंदा नदीच्या जागी तुमी आले, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव घमेली आणि बंड्या घेऊन हजर झालं. प्रेमदासही आला होता. सरकारी गाळाला हात लागताना पाहून त्याला घाम फुटला. "मी इथं नाई बरं," तो सगळ्यांना सांगत फिरला. "मी आज आर्वीले गेलो हाओ." आणि हे सांगता सांगता त्यानं इकडून घमेलं घेऊन तिकडे दिलं. भैयाजी मध्यावर उभे राहून बंड्यांना झेंडी दाखवत होते. आणि हेडबाबू चंद्रभानजी, ज्यांनी जन्मात लेखणीहून जड काही उचललं नव्हतं, ते डोक्यावर घमेलं घेऊन घाटाकडे चालले होते. वाटेत जिनाचा चपराशी भेटला. त्यानं काही विचारलं नाही, दुसरं घमेलं उचललं.

दुपारी ढिगाच्या तळाशी अनुसयाबाईंच्या फावड्याला काहीतरी लागलं. चिखल पुसला तर पंपशू! डावा. आत एका वेलाची मुळी शिरली होती. अनुसयाबाईंनी तो धुतला, सावलीत वाळवला आणि मऊ होईपर्यंत जवसाचं तेल चोळलं. संध्याकाळपर्यंत ढीग घाटावर होता आणि पटांगणात मांडवाचे खांब उभे होते.

लग्नाच्या दिवशी जंगलूचा डोंगा खेपा करू लागला. उतार ताजा होता, त्यावर तुरीची वाळकी तुऱ्हाटी आणि कपाशीची पराटी अंथरली होती. नवरदेव उतरला, करवल्या उतरल्या, वाजंत्री उतरले. कोणाचा पाय रुतला नाही. चंद्रभानजींच्या जिवात जीव आला. शेवटच्या खेपेला बंडूजी आले. नवे पंपशू, आर्वीचेच, त्याच दुकानातले. त्यांनी अंथरलेल्या पराटीकडे तुच्छतेनं पाहिलं आणि स्वतंत्र वाटेनं, पराटीच्या शेजारून, उतारावर पाय ठेवला.

डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला.

वाजंत्री थांबले. बंडूजींनी पाय ओढला. पाय आला, पंपशू नाही आला. पन्नास वऱ्हाडी आणि सारं पिंपळघाट त्या अनवाणी पायाकडे पाहत राहिलं. कांता मांडवात हळदीच्या अंगानं उभी होती. तिला घाटावरची शांतता ऐकू आली आणि तिनं मैत्रिणीचा हात घट्ट धरला.

बंडूजींचं तोंड उघडलं. एवढ्यात अनुसयाबाई ताट घेऊन पुढे झाल्या. ताटात हळदकुंकू, पाण्याचा तांब्या आणि मधोमध तेल पाजलेला डावा पंपशू.

बंडूजींनी तो उचलला, उलटा केला, तळाची खूण पाहिली. त्यांचा स्वतःचाच. त्यांनी पाय धुतला, पंपशू घातला, दोन पावलं टाकली. उजवा करकरला, डावा नाही.

"लय नरम झाला," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या मिशा हसण्यानं हलल्या. "तुमच्या गावानं एक घेतला, एक देला. झाली फिटंफाट. चला, मुहूर्त टळते!"

वाजंत्री असे वाजू लागले, की प्रेमदास आर्वीला गेल्याचं विसरून नाचला. पंगतीला जंगलूची डांगरं होती. बंडूजींनी चार फोडी खाल्ल्या आणि एवढं गोड डांगर कोणत्या शेतातलं म्हणून विचारलं. चंद्रभानजींनी, सर्व्हे नंबर नाही, असं सांगितलं.

आषाढात नगरपालिकेचं पत्र आलं. काढलेला गाळ सध्या कोठे आहे, ते सविस्तर कळवावं. चंद्रभानजींनी आयुष्यातलं सर्वांत छोटं उत्तर लिहिलं. "मूळ जागी." ते त्यांनी कोणालाही वाचून दाखवलं नाही. आणि पावसाळ्यात नदीनं येऊन उरलासुरला खड्डाही बुजवून टाकला. कार्तिकात घाट अगदी पूर्वीसारखा झाला, पंचवीस हात गाळ आणि खालच्या अंगाला जंगलूची वाडी.

पुढच्या चैत्रात पल्याडहून निरोप आला. कांताला दिवस गेले होते आणि तिला घाटावरचं डांगर खावंसं वाटत होतं. जंगलूनं त्या वर्षीचं पहिलं डांगर तोडून आणलं, चांगलं दहा शेरांचं. चंद्रभानजी छत्री आणि वहाणा काखेत मारून, धोतर वर खोचून गाळाच्या कडेला उभे राहिले. समोर डोंगा, मधे चिखल, आणि पलीकडच्या काठावर लुगड्याचा एक ठिपका. तो कांताच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाय घातला. पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि ते एका अंगाला झुकले.

जंगलूनं झटकन त्यांचा दंड धरला. "बाबूजी, पाठीवर घेऊ का?"

"नाई," चंद्रभानजी म्हणाले. "तू डांगर घे. ते पडलं तं फुटते. मी पडलो तं धुता येते."